तुझ्या पाठीची नोंद

प्रिय धाकटोबा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकला असशील. आपल्याकडे हाताने लिहिलेलं पत्र यायचं बंद होऊन इतकी वर्षं झाली, की आता टपालाने येतात ती फक्त शिलाई मशीनच्या सुट्या भागांची सूचीपत्रं. तर आधीच सांगून टाकते, मी धडधाकट आहे, घर जागच्या जागी आहे, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. मग फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर जरा अवघड काही निघालं की तू ‘जाऊ दे गं ताई’ म्हणतोस आणि मी लगेच जाऊ देते. आपल्या दोघांचं हे लहानपणापासूनचं संगनमत आहे. कागद मध्येच ‘जाऊ दे’ म्हणत नाही. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच, आणि त्या तीन पायांच्या स्टुलावर बसून नको. बाबांच्या पलंगाजवळच्या खुर्चीत बस, पाठीशी उशी घे.

इकडची खबरबात अशी, की आमची प्रयोगशाळा तळघरातून दुसऱ्या मजल्यावर आली. आता आम्हाला खिडकी आहे. खिडकीबाहेर पाण्याची टाकी आहे आणि टाकीवर कबुतरं आहेत, ती आमच्यापेक्षा वेळेवर कामाला येतात. तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोस म्हणे, की आमची ताई माणसांच्या पाठीला मीटर लावते. आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मला हे हसत हसत सांगितलं होतं. मी ते आमच्या सरांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, “निधीच्या प्रत्येक अर्जात आपण चार पानं खर्ची घालतो, ते तुमच्या भावाने एका वाक्यात आणलं.” खरंच तेवढंच आहे ते. कमरेपाशी कण्याच्या दोन्ही बाजूंना दोरखंडासारखे जाड स्नायू असतात. माणूस वाकला, उठला, नुसता उभा राहिला तरी ते राबत असतात, आणि राबताना त्यांच्यात बारीकशी वीज खेळते. कातडीवर चिकट गोल पट्ट्या लावल्या, ज्यांना तू टिकल्या म्हणालास, की ती वीज पकडता येते आणि पडद्यावर तिची रेघ नाचताना दिसते. गंमत अशी, की थकत चाललेला स्नायू गप्प होत नाही. उलट रेघ मोठी होत जाते, फक्त तिच्या लाटा संथ होतात. ताजा स्नायू भरभर बोलतो, थकलेला मोठ्याने आणि रेंगाळत बोलतो. लाटा किती झपाट्याने संथ झाल्या हे मोजलं, की पाठ किती लवकर थकते ते कळतं. माणसाला विचारावं लागत नाही. माणसाला विचारलं तर तो म्हणतो, चाललंय.

आमच्याकडे येतात ते सगळे उचलणारे लोक. गोदामातले हमाल, इस्पितळातल्या आया आणि वॉर्डबॉय, धुलाईखान्यातले कामगार. त्यांना किती वेळाने विसावा द्यायला हवा, हे ठरवायला आमचे आकडे वापरायचे, असा सगळा खटाटोप आहे. हे तुला ठाऊकच आहे. तरी लिहिते आहे, कारण पुढे जे सांगायचंय त्याला हात घालायला मी टाळाटाळ करते आहे, हे माझं मला दिसतंय.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला त्याला पुढच्या महिन्यात पाच वर्षं होतील. इस्पितळातून घरी सोडायच्या आदल्या दिवशी नर्सबाईंनी आपल्या दोघांना पलंगाजवळ उभं करून शिकवलं होतं, आठवतं? पाय फाकवून उभं राहायचं, गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही, पेशंटला अंगाशी घ्यायचं आणि मगच उठायचं. मी ते सगळं वहीत लिहून घेतलं, क्रमांक घालून, आकृत्या काढून. तू बाबांना उचललंस. त्या दिवशी जी वाटणी झाली ती आजतागायत तशीच राहिली. आठ दिवसांनी माझी रजा संपली. जाताना ती वही मी फ्रिजवर ठेवली आणि मला मनापासून वाटलं, की मी माझा वाटा उचलला.

तू कारखान्यातली नोकरी सोडलीस आणि पुढच्या खोलीत मशीन दुरुस्ती सुरू केलीस, तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली. कुणाला आश्चर्य वाटलं नाही. तू उचलणाराच होतास. बाबा ट्रक चालवायचे तेव्हा त्यांच्या दोस्तांना सांगायचे, माझ्या गाडीत जॅक ठेवत नाही, धाकटा घरी आहे. बारा वर्षांचा असताना तू आईचं लोखंडी कपाट एकट्याने भिंतीपासून सरकवलंस, त्याचं कौतुक आई जाईपर्यंत पुरलं. माझ्या वाट्याला ‘हुशार’ हा शब्द आला, तुझ्या वाट्याला ‘दणकट’. शब्द एकदा वाट्याला आला की माणूस तो आयुष्यभर वाहतो, आणि दुसऱ्यांना त्याची चांगलीच सोय होते. बाबांचं वजन चौऱ्याऐंशी किलो. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून परत पलंगावर, दिवसाला दहा-बारा वेळा. आमच्या अभ्यासातल्या हमालांनाही आठवड्याची सुटी असते, धाकटोबा.

आठ महिन्यांपूर्वी मी चार दिवस आले होते, ते नवं छोटं यंत्र बरोबर घेऊन. तेव्हा मी म्हटलं होतं, की यंत्र प्रयोगशाळेबाहेर चालतं का ते बघायचंय. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. माझ्याकडे दुखऱ्या पाठींची रीघ लागली होती. तुलनेला मला अशा पाठी हव्या होत्या, ज्या रोज ओझं उचलतात आणि तरी दुखत नाहीत. तशी पाठ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा तूच आलास. निरोगी गटातला पहिला माणूस म्हणून तुझा क्रमांक मी गाडीत बसल्या बसल्या वहीत घालूनही टाकला होता.

ती सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तू उघडा, मशीन खोलायच्या लांब टेबलावर पालथा, आणि मी बाबांच्या वस्तऱ्याने तुझ्या कमरेवरची लव काढते आहे. बाबा पलंगावर उशीला टेकून बघत होते. तू म्हणालास, “बाबा, ताई माझी हजामत करायला इतक्या लांबून आलीय,” आणि त्यांचा अर्धा चेहरा खदखदून हसला. मग मी स्पिरिटने पाठ पुसली, दोन डावीकडे दोन उजवीकडे अशा टिकल्या लावल्या, तुला टेबलाच्या कडेपर्यंत सरकवलं, इतकं की कमरेपासून वरचं अंग हवेत, आणि स्वतः तुझ्या पोटऱ्यांवर बसले. लहानपणी तुला हलू न देण्यासाठी मी हेच करायचे, तेव्हा मार खायचे. या खेपेला त्याला शास्त्राचा आधार होता. तुला म्हटलं, अंग जमिनीला समांतर धर, जमेल तितका वेळ. धडधाकट माणूस दोनेक मिनिटं धरतो. तू चाळिसाव्या सेकंदाला थरथरायला लागलास. एक मिनिट आठ सेकंदांनी तुझे हात जमिनीला टेकले. “वय झालं,” म्हणालास. तुला छत्तिसावं लागलेलं.

मग तुला उभं करून तीनदा पूर्ण वाकायला लावलं, हात पायांच्या बोटांकडे नेऊन, खालीच थोडं थांबायला लावलं. आणि शेवटी म्हटलं, आता बाबांना नेहमीसारखं खुर्चीत घे, टिकल्या राहू देत. मी यंत्राचा आवाज मोठा केला, कारण बाबांना गंमत वाटेल असं वाटलं. पाठीतली वीज कानांनी ऐकली तर ती तव्यावर पाणी उडाल्यासारखी तडतडते. तू वाकलास, बाबांचा चांगला हात गळ्याभोवती घेतलास, लुळी उजवी बाजू तुझ्या डाव्या दंडावर पेललीस, आणि उठलास. खोलीभर ती तडतड भरली. खुर्चीत ठेवलंस, परत पलंगावर घेतलंस, पुन्हा खुर्चीत, असं मी तुला सहा वेळा करायला लावलं. चौथ्या खेपेपासून आवाज बदलला. जाड झाला, घोगरा झाला. बाबा तुझ्या खांद्यावर मान ठेवून ऐकत होते. सहाव्या खेपेला त्यांच्या तोंडून एक शब्द आला, चांगला स्वच्छ. “चढ.” तुला वाटलं, ते ‘चल’ म्हणाले. मला बरोबर ऐकू आलं होतं. तीस वर्षं मालाने भरलेला ट्रक घाटात चढवलेल्या माणसाला तो आवाज कशाचा आहे ते यंत्राशिवाय कळलं होतं. मी हसून म्हटलं, बाबांना गाडी आठवली.

टिकल्या काढताना तू सहज विचारल्यासारखं म्हणालास, “ताई, कधीकधी उजव्या पायाला मुंग्या येतात, पार अंगठ्यापर्यंत. त्यात दिसलं का काही?” मी पडदा माझ्याकडे वळवला होता. म्हटलं, दिवसभर स्टुलावर बसतोस, मुंग्या येणारच. आणि पाठ? म्हटलं, पाठ ठणठणीत आहे, बैलासारखी आहे. तू सदरा घालून पुढच्या खोलीत गेलास, कारण दारात कुणीतरी मशीन घेऊन आलं होतं. मी तारा गुंडाळत होते. बाबांनी माझा पदर धरला. त्यांना दोन शब्द जुळवायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. मी थांबले. ते म्हणाले, “बघ.” मग बऱ्याच वेळाने, “नीट.” मी त्यांना विचारलं, टीव्ही लावू का. त्यांनी माझा पदर सोडला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा तूच माझी बॅग उचलून थांब्यापर्यंत आणलीस. यंत्रासकट चांगली वीस किलोंची होती ती, आणि मी आणू दिली.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी फोनवर बोलता बोलता तू म्हणालास, “हल्ली बाबांना उचलायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. तू तर पाठ ठणठणीत म्हणालीस, म्हणजे आळसच भरला असणार माझ्या अंगात. व्यायाम सुरू केलाय. सकाळी पन्नास उठाबशा काढतो.” मी म्हटलं, छान. मी नुसतं ‘छान’ म्हटलं.

मग तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे एक काकू आल्या. इस्पितळाच्या धुलाईखान्यात सव्वीस वर्षं ओल्या चादरी यंत्रातून उपसून काढतात. सगळे त्यांना काकूच म्हणतात. सहा महिन्यांपूर्वी त्यांची पाठ मोजली होती, आता दुसऱ्यांदा मोजली, आणि निकाल समजावून सांगायचं काम माझं. आधीच्या खेपेला त्या म्हणे कुणाला काही न विचारता निघून गेल्या होत्या. या वेळी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “बाई, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. घरी आहेत तशी माणसं.” मी आलेख त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, काकू, तुमची पाठ चाळीस मिनिटांत थकते, आणि तुम्ही सलग तीन तास चादरी काढता. मला वाटलं, त्या घाबरतील, रडतील, नोकरीचं काय होणार म्हणून विचारतील. त्यांनी कागदावरची, लाटांचा वेग दाखवणारी उतरती रेघ बोटाने वरून खालपर्यंत गिरवली आणि एवढंच म्हणाल्या, “बरं झालं. मला वाटायचं, मी कामचुकार झालेय.” मग विचारलं, “हा कागद मला मिळेल? सुनेला दाखवते. तिला वाटतं सोंग करते.” मी छापून दिला. त्यांनी त्याची घडी न घालता तो छातीशी धरला आणि जिना उतरून गेल्या. मी खिडकीशी जाऊन त्या फाटकाबाहेर पडेपर्यंत बघत राहिले. तुझ्या तोंडचा ‘आळस’ हा शब्द तेव्हा माझ्या कानात वाजला.

आता सांगते. तुझी पाठ ठणठणीत नव्हती, धाकटोबा. त्या दिवशीही नव्हती. टेबलावर तू अंग धरून होतास तेव्हा लाटा ज्या झपाट्याने संथ झाल्या, तशा आमच्या दुखऱ्या गटातही फार थोड्यांच्या झाल्यात. उजवी बाजू तर डावीच्या कितीतरी आधी थकत होती. बाबांचा भार तुझ्या डाव्या हातावर येतो आणि तो तोलून धरायला उजवीकडच्या स्नायूला दुप्पट राबावं लागतं, पाच वर्षं, रोज. आणि ते वाकणं. चांगली पाठ पूर्ण वाकून स्थिर झाली की स्नायू विसावतात. भार हाडं जोडणाऱ्या आतल्या बंधांवर जातो आणि रेघ सपाट होते, अगदी शांत. दुखऱ्या पाठीला तो विसावा मिळत नाही, ती खालीही ताठरलेली राहते. तुझी रेघ तिन्ही वेळा शांत झाली नाही. हे मला तिथल्या तिथे दिसलं, पडदा तुझ्याकडून वळवण्याच्या आधी दिसलं. यंत्र आजार सांगत नाही, थकवा सांगतं. पण पाठ अशी, वर पायाला अंगठ्यापर्यंत मुंग्या, हे एकत्र ऐकल्यावर रस्त्यावरच्या अनोळखी माणसालासुद्धा मी सांगितलं असतं, की आधी डॉक्टरकडे जा आणि तोवर काही उचलू नका. तुला मी बैल म्हटलं.

का म्हटलं, तेही सांगते, नाहीतर हे अर्धंच राहील. माझ्या बॅगेत त्या दिवशी एक पत्र होतं. या सगळ्या अभ्यासाची प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाल्याचं. चार दिवसांत ते तुला दाखवायचं म्हणून आणलं होतं आणि एकदाही बाहेर काढलं नाही. तुला खरं सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न तू विचारलाच नसतास, तुझा स्वभावच नाही तो. पण तो प्रश्न खोलीत येऊन बसला असता, की मग बाबांना कोण उचलणार. आणि तिथे आपण दोघंच होतो. मी मनाशी म्हटलं, आकडे जरा नीट तपासू, मग सांगू. घरी येऊन तपासले. तेच होते. मग तुझी नोंदच अभ्यासातून काढून टाकली, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘टिकली सैल झाल्याने नोंद बाद’. कुणी विचारलं नाही. माझ्या कामात मी आजवर लिहिलेलं पहिलं खोटं तुझ्या पाठीबद्दलचं आहे.

काकू गेल्या त्याच दुपारी मी सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “चूक तुमच्या ध्यानात आली हे चांगलं झालं. आता आधी काय दुरुस्त करणार, नोंद की भाऊ?” मी म्हटलं, नोंद. कारण ती सोपी होती. तुझे आकडे परत घातले, तू आता दुखऱ्या गटात आहेस. बाद का केले होते आणि कुणी, तेही माझ्या सहीने लिहिलं. अभ्यास आता माझी एक सहकारी बघेल, हे ओघानेच आलं, आणि त्याबद्दल माझी कुणावर तक्रार नाही. तुला मात्र तरीही लिहिलं नाही. तीनदा कागद घेतला आणि तीनदा ठेवून दिला. असं वाटलं, सुटीत येईन तेव्हा समोरासमोर सांगीन.

मग या मंगळवारी वरच्या बाईंचा फोन आला. तू त्यांना शपथ घातली होतीस म्हणे, ताईला सांगू नका. त्या म्हणाल्या, मी तीस वर्षं शाळेत मुलांच्या शपथा मोडत आलेय, तेव्हा ऐका. त्यांनी सांगितलं, की न्हाणीतून बाबांना उठवताना तुझा उजवा पाय एकदम गेला. तू त्यांना पडू दिलं नाहीस, स्वतः खाली बसलास आणि त्यांना मांडीवर घेतलंस. त्यानंतर तुला उठता येईना आणि त्यांना तर येणारच नव्हतं. तासभर तुम्ही दोघं तसेच ओल्या फरशीवर बसून होतात. बाई पेपर द्यायला खाली आल्या म्हणून कळलं. दार ढकलून आत आल्या तेव्हा तू भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होतास आणि बाबा त्यांच्या चांगल्या हाताने तुझी पाठ चोळत होते. सावकाश, खाली-वर. बाईंना बघूनही ते थांबले नाहीत. मी फोन ठेवला आणि त्यानंतर तुला दोनदा फोन केला, तर तू पावसापाण्याच्या गप्पा मारल्यास आणि मीही मारल्या.

म्हणून हे पत्र. सोबत दोन कागद आहेत. एक तुझा खरा आलेख, खाली साध्या शब्दांत त्याचा अर्थ लिहिलाय. तो आधी बघ. तू आळशी नाहीस, कधीच नव्हतास, हे आकड्यांत आहे, ते माझ्या शब्दावर मानू नकोस, माझ्या शब्दाची पत मी घालवली आहे. दुसरं, तुमच्याकडच्या हाडांच्या डॉक्टरांना आमच्या सरांनी लिहिलेली चिठ्ठी. सोमवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. मी सहा महिन्यांची रजा टाकली, ती मंजूर झाली. शनिवारी दुपारी पोचते. माझ्यामागून बुधवारी रुग्णाला उचलायचं यंत्र येईल, पट्ट्यांचा झोळा आणि खाली चाकं असलेलं. इथल्या वॉर्डात दोन दिवस जाऊन मी ते चालवायला शिकले, कुणाच्याही पाठीवर भार न येता माणूस खुर्चीत जातो. सहा महिन्यांनंतर काय, ते मला आज माहीत नाही. ते आपण तिघं मिळून ठरवू, बाबांना धरून, कारण त्यांनी त्या दिवशी मला नीट बघायला सांगितलं होतं आणि मी त्यांना टीव्ही लावू का विचारलं. तू चिडशील. चिड. तोंडावर म्हण काय म्हणायचं ते, आणि या वेळी ‘जाऊ दे गं ताई’ तेवढं म्हणू नकोस. हे सगळं आधी लिहून पाठवते आहे ते याचसाठी, की मी दारात बॅग घेऊन उभी राहिले की तू कौतुकाने माझ्याकडे बघणार, ताई बाबांसाठी धावत आली म्हणणार, आणि ते कौतुक मी पुन्हा एकदा गिळून बसेन. मी कुणासाठी आणि कशामुळे येते आहे ते तुला आधी कळलेलं असू दे. शनिवारपर्यंत बाबांना एकट्याने उचलायचं नाही. बाईंचे यजमान आणि त्यांचा जावई सकाळ-संध्याकाळ खाली येतील, मी बोलले आहे त्यांच्याशी, नको म्हणू नकोस. उठाबशा आजपासून बंद. आणि शनिवारी बेल वाजली तर उठू नकोस. किल्ली बाईंकडून घेऊन मी येईन आत.

खोटं बोललेली, पण तुझीच,
ताई